धुतलेल्या बाटल्या

त्या उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी कमी झालं आणि घट्ट झालं. वरच्या कारखान्याच्या नळातून जे येई तेवढंच काय ते वाहत होतं. सकाळी त्यावर पिवळसर फेस धरलेला असे, आजारी माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात साचतो तसा. थोरली घाटावर उतरली की आधी काठीनं तो फेस बाजूला सारी. खाली तांबूस पाणी, वर तेलकट साय. वास मात्र पाणी दिसायच्या आधीच नाकात शिरे. सडलेल्या लसणासारखा, आणि त्याच्यामागून काहीतरी गोडसर.

थोरली मनातल्या मनात देवाचं नाव घेई आणि पाय आत टाकी.

घर धोब्याचं. दवाखान्याच्या चादरी, लॉजमधली पांघरुणं, हॉटेलातल्या टेबलांचे कपडे सगळे त्यांच्याकडे येत. नवरा भट्टी पेटवी आणि दगडावर कपडे आपटी, थोरली खंगाळी आणि पिळी, सासू नीळ नि खळ बघे. धाकटी, म्हणजे थोरलीची जाऊ, इस्त्री करी. धाकटीचा नवरा ट्रकवर असे. घरी आला की दोन दिवस झोपे आणि परत जाई.

हे पाणी पहिल्यांदा सुटलं तेव्हा घरात आनंद झाला होता. ती गोष्ट आता कुणी काढत नसे. चादरी नुसत्या बुडवल्या तरी पांढऱ्याफेक निघत. रक्ताचे डाग, हळदीचे डाग, सगळं जाई. "देवानंच सोडा कालवून पाठवलाय," सासू म्हणाली होती. लॉजवाल्यानं कौतुक केलं होतं. मग चादरी घडीवर विरायला लागल्या. मग माणसं विरायला लागली. नवऱ्याच्या नडग्यांची कातडी ओल्या कागदासारखी सुटून यायची. सासूची नखं मुळातून उचलली गेली होती. ती पदराच्या टोकात बोटं गुंडाळून बसे. संध्याकाळी सगळी ओळीनं बसून तेल चोळत, आणि कुणी कुणाच्या पायांकडे बघत नसे.

धाकटीला दिवस गेले होते. याआधी दोनदा दिवस राहून पडून गेलेले. घाटाच्या काठावर हातपंप होता, वस्तीचं पिण्याचं पाणी त्याचंच. त्यालाही आता तोच वास मारत होता, थोडा पातळ इतकंच. धाकटी पेला तोंडाला लावी आणि तशीच उठून मोरीत वाके. पोटात काही नसलं तरी हिरवं पडे.

"दुसरं पाणी द्या हिला," दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. "हे पोटात जाऊ देऊ नका."

"दुसरं कुठून आणू, सिस्टर?"

"टँकर मिळतो. पण पाणी खराब आहे असा अहवाल लागतो. मी वर कळवते, तपासायला माणूस येईल."

तो माणूस आला, बऱ्याच उशिरानं. पांढरा शर्ट, खांद्याला पेटी, नाकावर रुमाल. पेटीत प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी. वस्तीतल्या पोरींनी त्याचं नाव तिथल्या तिथं 'बाटलीवाला' ठेवलं. तो घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला. एक पाऊल खाली टाकलं, परत वर घेतलं.

"बाप रे," तो रुमालातून म्हणाला. "तुम्ही यात उभे राहता?"

"उभे राहतो, साहेब. बसायला जागा नाही," नवरा म्हणाला.

बाटलीवाल्याला हसावं की नाही ते कळलं नाही. त्यानं पेटी पायरीवर ठेवली. "असं करा. मला आज अजून दोन ठिकाणी जायचंय. तुम्हीच भरून ठेवा. दोन हातपंपाच्या, दोन ओढ्याच्या. मी उद्या सकाळी घेऊन जातो."

"आम्ही भरू?" थोरली म्हणाली. "चालेल ना ते?"

"पाणी भरायला काय शिक्षण लागतं का, बाई?"

आणि तो गेला. जाताना पायरीच्या कडेला थुंकला, वास तोंडात गेल्यासारखा.

दुपारी थोरलीनं पेटी उघडली. बाटल्या बाहेर काढल्या, उजेडात धरल्या. प्रत्येकीच्या तळाशी थेंबभर काहीतरी होतं. तिनं एकीचं झाकण काढून हुंगलं आणि मान झटकन मागं घेतली.

"आई, हे बघा. यात आधीचंच काहीतरी आहे."

सासूनं हुंगलं. नाकपुड्या आक्रसल्या. "शी! कुणाचं काय भरलं असेल मेल्यानं. दवाखान्यातून उचलल्या असतील. न धुताच दिल्या बघ आपल्याला."

"तशाच भरू?"

"तशाच कशा भरशील? सरकारात जाणार त्या. उद्या म्हणतील, धोब्याच्या घरून आल्या नि बरबटलेल्या आल्या." सासूनं गुंडाळलेली बोटं पदरातून सोडवली. "आण इकडं. आपल्या घरातून घाण वस्तू कधी परत गेलेली नाही."

ते खरंच होतं. तुटक्या बटणाचा शर्टसुद्धा त्या घरातून बटण लावून परत जाई. थोरलीनं भट्टीवरचं उकळतं पाणी घेतलं, त्यात मूठभर सोडा टाकला. बाटल्यांचा आतला भाग काडीला चिंधी बांधून घासला. मग दवाखान्याच्या चादरींसाठी ठेवलेल्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. मग खंगाळून पांढऱ्या फडक्यावर उपड्या घातल्या. खंगाळायला पाणी घाटावरच्या हौदाचंच होतं, म्हणजे ओढ्याचंच. दुसरं नव्हतंच.

संध्याकाळी तिनं त्या भरल्या. दोन पंपाच्या, दोन ओढ्याच्या. ओढ्याच्या भरताना फेस आत जाऊ नये म्हणून हातानं बाजूला सारला.

सकाळी बाटलीवाला आला. बाटल्या बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "अरे वा. इतक्या चकचकीत तर आमच्या ऑफिसातही नसतात."

थोरलीला बरं वाटलं. त्या दिवसांत बरं वाटावं असं फार थोडं घडत होतं, म्हणून तिनं ते धाकटीलाही जाऊन सांगितलं.

टँकरची वाट बघण्यात दिवस गेले. धाकटीचे डोळे खोल गेले. इस्त्री करताना ती एका हातानं टेबल धरून उभी राहायची. मग एका सकाळी घाटाच्या भिंतीवर नोटीस चिकटली. नवऱ्यानं ती मोठ्यानं वाचली, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर प्रमाणाबाहेर सापडली. इतर काही दखल घेण्यासारखं आढळलं नाही. पाणी घाटावरच्या धुलाईमुळे दूषित होत असल्यानं घाट बंद करण्यात येत आहे. लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी अमुक तारखेला सुनावणी. टँकरचा उल्लेख नव्हता.

"म्हणजे आपण केलं?" सासू म्हणाली. "हे सगळं आपण केलं?"

नवरा भिंतीपाशी उभा राहिला. मग त्यानं पायावरचा सुटलेला कातडीचा तुकडा दुसऱ्या पायानं घासून काढला आणि घाटाबाहेर टाकला. "हे पण आपलंच," तो म्हणाला.

वस्ती धोब्याच्या घरावर उलटायला वेळ लागला नाही. काल ज्यांच्या पोरांना ओढ्याच्या पाण्याचा पुरळ होता त्या बायका पंपावर म्हणू लागल्या, "यांच्या सोड्यापायी आपली पोरं मरायची." कुणीतरी त्यांच्या दोरीवरच्या चादरींवर चिखल मारला. थोरलीनं त्या परत धुतल्या, त्याच पाण्यात, लपून.

नर्सनं नोटिशीबद्दल ऐकलं तेव्हा ती स्वतः घरी आली.

"सोडा कसा आला गं एवढा? बाटल्या कशा भरल्या तुम्ही?"

"स्वच्छ धुऊन भरल्या, सिस्टर. आत काहीतरी उग्र होतं, ते सगळं काढलं. सोड्यानं घासल्या, ब्लीचिंगमधून काढल्या."

नर्स कपाळाला हात लावून खाटेवर बसली. "अगं, ते औषध असतं. पाणी बिघडू नये म्हणून मुद्दाम घातलेलं. ते नसलं की पाण्यातलं विष बाटलीलाच चिकटून बसतं, तपासात सापडत नाही. त्या बाटल्या धुवायच्या नसतात."

धाकटी मोरीतून उठून आली होती. ओठ पुसत ती दारात उभी राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिला परत उमळलं.

थोरली दुसऱ्या दिवशी बाटलीवाल्याच्या ऑफिसात गेली. धुतलेलं लुगडं, केस ओले करून बसवलेले. तरी वास अंगात होता, तो धुऊन जात नाही. टेबलामागचा कारकून किल्लीनं कान कोरत होता. त्यानं किल्ली बाहेर काढली, बघितली, पँटला पुसली आणि मग तिच्याकडे बघून चहाचा पेला दुसऱ्या बाजूला सरकवला.

"बाई, जरा खिडकीपाशी उभं राहून बोला."

ती खिडकीपाशी गेली. खिडकीच्या कट्ट्यावर पानाच्या पिचकाऱ्या वाळल्या होत्या, थरावर थर. तिनं पदर आवरून घेतला.

"त्या बाटल्या मी धुतल्या होत्या, साहेब. सोडा बाटल्यांमधला आहे, पाण्यातला नाही. परत तपासा."

"अहवाल झालाय."

"पण चुकीचा झालाय."

"अहवाल चुकीचा होत नसतो, बाई. चूक तुमची झाली." कारकुनानं आत हाक मारली, आणि बाटलीवाला बाहेर आला. तिचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्यानं तिला जवळजवळ दंडाला धरूनच बोळात नेलं, म्हणजे दंडाजवळ हात नेला आणि न टेकवता तसाच ठेवला.

"कुणी सांगितलं होतं धुवायला?"

"घाण होत्या."

"घाण नव्हती हो ती! ॲसिड होतं! तुमचा हात कसा भाजला नाही?"

थोरलीनं त्याच्यासमोर हात धरले. तळव्यांवर भाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं मान फिरवली.

मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघा, ताई. नमुना मी स्वतः भरायचा असतो. हे वर गेलं तर माझी नोकरी जाते. आणि तुमच्यावर सरकारी नमुन्यात ढवळाढवळ केल्याची केस होते. दोघंही मरतो. तुमच्या घरी कुणी पोटुशी आहे ना? मी जार पाठवतो. शुद्ध पाण्याचे. रोज. फक्त तुमच्या घरी. सुनावणीत तुम्ही काही बोलू नका."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं बघू पुढं."

थोरलीला वाटलं, नाही म्हणावं. पण मोरीत वाकलेली धाकटीची पाठ डोळ्यांपुढं आली. तिनं मान हलवलीही नाही आणि नाकारलंही नाही. त्यानं तोच होकार धरला.

जार आला. अंधार पडायच्या वेळी, गोणपाटात गुंडाळून. सासूनं तो मळक्या चादरींच्या गाठोड्यामागं ठेवला. धाकटीनं पहिला पेला घोट घोट घेतला आणि सगळी तिच्या तोंडाकडे बघत बसली. पाणी आत राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूनं हात जोडले. नवऱ्यालाही एक घोट हवा होता, ते त्याच्या गळ्यावरून दिसत होतं, पण तो उठून बाहेर गेला.

त्यानंतर घराला एक वेगळीच घाण लागली. पाणी पिताना दार लावायचं. पेला लगेच पुसून ठेवायचा. शेजारची म्हातारी नातवाला कडेवर घेऊन आली तेव्हा सासू दारातच आडवी उभी राहिली. नातवाच्या ओठांवर खपल्या होत्या.

"तुमच्याकडं जार येतो म्हणतात."

"कोण म्हणतं? आमच्याकडं काय, आमच्याकडं मळके कपडे येतात."

"पोराला वाटीभर दे गं. तुझ्या सुनेचं पोट आहे, माझ्या नातवाचं तोंड आहे."

"नाहीच तर कुठून देऊ?" सासू म्हणाली. म्हातारी वाकून तिच्या खांद्यावरून आत बघत राहिली. तिला काही दिसलं नाही. तरी ती जाताना उंबऱ्यावर थुंकली.

सासूनं ती थुंकी स्वतः पुसली. पुसताना तिच्या उचललेल्या नखातून रक्त आलं. थोरली पुढं झाली तर ती ओरडली, "राहू दे! मीच पुसते."

त्या संध्याकाळी धाकटीनं पेला खाली ठेवला. "जाऊबाई, हे पाणी गोड लागतं. आता त्याचीच शिसारी येते मला."

"गप बस," सासू म्हणाली. "पोटातलं जगू दे. मग यायची ती शिसारी येऊ दे."

"उद्या सुनावणी आहे ना?" धाकटीनं थोरलीकडे बघितलं. तिनं 'बोला' असं म्हटलं नाही. नुसता पेला पायानं हळूच लांब ढकलला.

"थोरले," सासू म्हणाली, "तू तोंड उघडलंस तर जार बंद. मग हिचं काय झालं तर ते तुझ्या माथी."

"हो, आई."

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. वरून एक नवीन बाई साहेब आली होती. बारीक चणीची, चष्म्याची, सतत पाण्याची बाटली जवळ ठेवणारी. कारकून बसला होता, बाटलीवालाही मागच्या खुर्चीवर होता. कारखान्याचा एक माणूस चकाकत्या बुटांत आला होता आणि बूट मातीला लागू नयेत म्हणून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून बसला होता. नोटीस वाचून झाली. बाई साहेबांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

बायकांमधून थोरली उठली. तिनं पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं.

"बाई, त्या बाटल्या मी धुतल्या. आतलं औषध मी सोड्यानं काढून टाकलं. ते घाण आहे असं वाटलं मला."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हसू पसरलं. "धोबीण ती, तिला काय दिलं तरी धुणारच!" कारखान्याचा माणूसही हसला, रुमालाआडून.

बाई साहेब हसल्या नाहीत. "तुम्ही धुतल्या म्हणजे? नमुना तर आमचा माणूस भरतो."

"नाही बाई. ते वरच्या पायरीवर थांबले. म्हणाले, तुम्हीच भरा." तिला वाटलं आता थांबावं, पण थांबता येईना. "आणि मी गप्प राहावं म्हणून आमच्या घरी जार पाठवले. आम्ही प्यायलो. गाठोड्यामागं लपवून प्यायलो. हिच्या नातवाला दिलं नाही." तिनं शेजारच्या म्हातारीकडं बोट केलं नाही, पण सगळ्यांनी म्हातारीकडं बघितलं.

बाटलीवाल्यानं पेटी मांडीवर घट्ट धरली होती. बाई साहेबांनी त्याला एकदाच विचारलं, "खरंय?" त्यानं पेटीची कडी उघडली आणि परत लावली.

"ठीक," बाई साहेब म्हणाल्या. त्या कारकुनाकडे वळल्या. "पुढचा अहवाल येईपर्यंत ही माणसं काय पिणार?"

"मॅडम, अहवालाशिवाय टँकरची तरतूद नाही."

"अहवाल तर आहे. पाणी खराब आहे असं तुम्हीच लिहून घाटाला टाळं लावताय. मग तेच पाणी पिण्यापुरतं चांगलं कसं?"

कारकुनानं कान खाजवला. बाई साहेबांनी तिथंच, मांडीवर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं. टँकर उद्यापासून, सगळ्या वस्तीला. घाट बंदीला स्थगिती. नमुना परत, कारखान्याच्या नळाच्या तोंडापासून, लोकांच्या समोर. "आणि तुम्ही भरायचा," त्या बाटलीवाल्याला म्हणाल्या. "स्वतः." मग थोरलीकडं बघून, तितक्याच कोरड्या आवाजात, "नमुन्याला हात लावणं गुन्हा आहे, एवढं लक्षात ठेवा."

"हो, बाई."

घरी सासू तिच्याशी बोलली नाही. जार त्या दिवशी आला नाही. रात्रभर धाकटी कोरड्या तोंडानं कुशी बदलत राहिली. पंपाचं पाणी ती एकदा प्यायली आणि ते पोटात ठेवायला तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत देवाचं नाव घेत राहिली, दुसरं तिच्याकडं काही नव्हतं.

सकाळी टँकर खरंच आला. त्याच्यामागून जीप. वस्तीतली अर्धी माणसं टँकरला, अर्धी ओढ्यावर. बाटलीवाला आज पहिल्यांदा खाली उतरला. नळाच्या तोंडाशी गाळ गुडघाभर होता, काळा आणि लिबलिबित. त्यानं पँट वर दुमडली, एक पाय टाकला, आणि त्याच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. रुमाल धरायला त्याला हात मोकळा नव्हता.

थोरली काठावर अगदी जवळ उभी होती. त्यानं बाटली पुढं केली.

"ताई, जरा धरता का? झाकण उघडेपर्यंत."

"मी हात लावत नाही," थोरली म्हणाली. "बाईंनी सांगितलंय."

त्यानं झाकण दातांनी काढलं. बाटली नळाखाली धरली तेव्हा फेसाचा गोळा सुटून त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि पांढऱ्या बाहीत शिरला. तो ओरडला नाही. बाटल्या भरल्या, पेटीत ठेवल्या, आणि काठाशी येऊन एकदम वाकला. सकाळचा चहा तसाच पडला. कुणी हसलं नाही. त्या वस्तीत त्या आवाजाला हसायची सवय कुणाला नव्हती.

तोंड पुसायला त्यानं हात उचलला, हाताकडं बघितलं, आणि परत खाली नेला.

"हात धुवायला पाणी द्या ना, कुणीतरी."

टँकरपाशी बायकांची भांडी खणखणत होती, ओरडाआरडा चालला होता. इथं काठावर कुणी भांडं घेऊन आलं नाही. थोरलीनं त्याच्या हाताकडं बघितलं. कोपरापर्यंत तेलकट, बोटांमध्ये फेस. तिला वाटलं होतं, याची ही दशा झाली की जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. तिला नुसती शिसारी आली. त्याची, स्वतःची, गाठोड्यामागच्या त्या जाराची, सगळ्याची.

"हेच आहे इथं," ती म्हणाली, आणि हौदाकडं हात केला.

तो हौदाकडं गेला नाही. हात अंगापासून लांब धरून एक एक पायरी चढत वर गेला. जीपचं पुढचं दार उघडायला लागला तसा ड्रायव्हर आतूनच म्हणाला, "साहेब, मागं बसा. आणि हात बाहेर धरा."

जीप हलली. वळणापर्यंत तो हात खिडकीबाहेर दिसत होता, बोटं फाकलेली.